हलक्या आवाजाचे गायक व त्यांचे श्रोते

आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांत यंदां एक वाद माजला होता. मधल्या सुटींत व्हरांड्यांत तो इतक्या मोठ्यानें चाले कीं, त्याचा विषय कळल्यावर आम्हांस हंसूं आवरेना. वाद होता एका अमेरिकन गायकमंडळीविषयीं, आणि ती मंडळी प्रसिद्ध आहे ती अत्यंत संथ व अत्यंत हलक्या आवाजांत गाण्याबद्दल! एक पक्ष म्हणे, हें संगीत नव्हे, ही झोंपेची गोळी आहे. दुसरा पक्ष म्हणे, तुम्हांला कानच नाहींत. शेवटीं प्रकरण निवाड्यासाठीं आमच्याकडे आलें. संगीतांत आमचा अधिकार मोठा नाहीं, हें आम्ही प्रथमच कबूल करतों. तथापि आम्हीं तीं गाणीं ऐकलीं, त्यांच्या चाहत्यांत आजवर कशावरून तंटे झाले तेंही पाहिलें. आणि निवाडा द्यावयास बसलों तों दोन्ही पक्षांचें थोडें थोडें चुकतें आहे असें आम्हांस दिसून आलें.

मंडळीचें नांव ‘लो’. या इंग्रजी शब्दाचा अर्थ खालचा, हलका, मंद असा आहे, व तो त्यांस शोभतो. १९९३ सालीं अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांतील डुलुथ शहरीं ही मंडळी निघाली. हें शहर सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकास वसलेलें एक बंदर आहे. क्षेत्रफळानें पाहतां हें सरोवर जगांतील गोड्या पाण्याच्या सर्व सरोवरांत मोठें. तिकडील हिवाळा लांब व कडक असतो. मंडळीचा आधार म्हणजे एक जोडपें : अ‍ॅलन स्पारहॉक व मिमी पार्कर. दोघांची ओळख शाळकरी वयापासूनची. श्री. स्पारहॉक गिटार वाजवीत व गात. पार्करबाई तालवाद्य वाजवीत व गात. तिसरा गडी मंद्र स्वरांच्या गिटारीवर असे, व तो अनेकदां बदलला. हीं पति-पत्नी येशू ख्रिस्ताच्या मॉर्मन पंथाचीं होतीं. त्या पंथाच्या मतांविषयीं बोलण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु त्यांच्या गाण्यांत प्रार्थनेची छाया कां आहे, हें त्यावरून समजतें.

त्या वर्षांत अमेरिकेंतील तरुणांना ‘ग्रंज’ नामक कर्कश गिटारींच्या संगीतानें वेड लाविलें होतें. अशा वेळीं या तिघांनीं उलट पाऊल टाकलें. जितकें हळू वाजवितां येईल तितकें हळू वाजवून पाहूं या, असा जणूं त्यांचा प्रयोगच होता. पार्करबाईंचा सरंजाम पाहावा : दोन ढोल व एक झांज, एवढेंच. पायानें वाजविण्याचा मोठा ढोल नाहीं. उभें राहून वाजवावयाचें, आणि तेंही काठ्यांनीं नव्हे, तर बहुधा तारांच्या ब्रशांनीं. एक ठोका पडला कीं दुसऱ्याची वाट पाहावी लागते, आणि त्या मधल्या जागेंत दोघांचे आवाज एकमेकांस धरून चालतात. १९९४ सालीं निघालेल्या त्यांच्या ‘आय कुड लिव्ह इन होप’ या पहिल्या संग्रहांत ११ गाणीं आहेत, आणि प्रत्येकाचें नांव एकेका शब्दाचें आहे. टीकाकारांनीं या तऱ्हेच्या संगीतास ‘स्लोकोर’ अशी चिठ्ठी चिकटविली, श्री. स्पारहॉक यांस ती मुळींच आवडली नाहीं. माणसावर चिठ्ठी चिकटविण्याची हौस शाळेंतल्या मुलांस असते, तशी टीकाकारांसही असते. असो.

आतां जलशांकडे वळूं. असलें संगीत गिरजांत किंवा शांत दिवाणखान्यांत शोभेल. परंतु या मंडळींस प्रथम गावें लागलें तें दारूच्या गुत्त्यांत व लहानमोठ्या नाचघरांत. तेथें पेले वाजतात, लोक एकमेकांच्या कानांत ओरडून बोलतात, आणि पुष्कळांस गाणें हें बोलण्याच्या पाठीमागचें एक सोयीचें सामान वाटतें. पहिल्या वर्षांत यांच्या वांट्यास बेपर्वा व कधीं कधीं वैरी श्रोतेही आले. अशा प्रसंगीं कोणतीही गायकमंडळी काय करील? यंत्राचा कान पिळील, आवाज चढवील, आणि बोलणारांस दडपून टाकील. ‘लो’ मंडळी त्याच्या उलट करीत. गोंगाट वाढला कीं ते आपला आवाज आणखी खालीं आणीत!

ही गोष्ट कळली तेव्हां आम्ही वही मिटून बराच वेळ स्वस्थ बसलों. कारण गेल्या स्नेहसंमेलनांतील एक प्रसंग आम्हांस आठवला. एका लहान विद्यार्थिनीनें आपल्या आजीकडून शिकलेली जात्यावरची ओवी म्हटली. आवाज बारीक, लय संथ. आणि सभामंडपांत पालकमंडळी खुर्च्या सरकवीत होती, कुशल विचारीत होती, मागच्या बाजूस मुलांची शिट्ट्यांची तालीम चालली होती. ती मुलगी न थांबतां, न चिडतां, न ओरडतां ओवी पुरी करून गेली. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. ज्यांनीं एक शब्दही ऐकला नव्हता त्यांनीं तर अधिकच वाजविल्या. आम्हांस हें खात्रीनें सांगतां येतें, कारण बोलणारांत आम्हीही होतों.

तर मग अशा वेळीं ज्यांस ऐकावयाचें आहे त्यांनीं काय करावें? ‘लो’च्या चाहत्यांत हा जुना तंटा आहे. कांहींचें म्हणणें, बोलणारास तेथल्या तेथें गप्प करावें. तिकीट आम्हींही काढलें आहे. दुसरे म्हणतात कीं, ही मंडळी गाते तेव्हां ‘शू शू’ करणारेच सर्वांत जास्त ऐकूं येतात, आणि गाणें ऐकावयास आलेला मनुष्य अखेर पोलीस शिपाई होऊन घरीं जातो. आम्हांस दुसऱ्यांचें म्हणणें अधिक पटतें. गायकांनीं स्वतः जी रीत घालून दिली ती पाहावी : त्यांनीं कोणास दटावलें नाहीं, आपला आवाज उतरविला, आणि ज्यास ऐकावयाचें होतें तो आपण होऊन पुढें सरकला. पहिल्या काळांतील त्यांच्या जलशांत पुष्कळ श्रोते जमिनीवर मांडी ठोकून बसत. नाचघराच्या जमिनीवर! आमच्याकडे कीर्तनास बसणारांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु त्या देशांत, त्या वयाच्या मुलांनीं, आणि कोणी न सांगतां बसावें, ही गोष्ट साधी नव्हे.

मात्र हळू आवाज हाच या संगीताचा प्राण, असें जे आमचे दुसऱ्या पक्षाचे विद्यार्थी समजतात, त्यांनीं पुढील हकीकत लक्षांत घ्यावी.

१५ जून १९१३ नव्हे, २०१३ — (शंभर वर्षांची चूक आमच्या हातून सहज होते!) — या दिवशीं मिनिआपोलिस शहरांत ‘रॉक द गार्डन’ नांवाचा उघड्यावरील संगीतमेळा होता. एक कलामंदिर व एक आकाशवाणी केंद्र मिळून तो भरवीत. अनेक मंडळ्या गावयाच्या होत्या, लोक दिवसभराच्या करमणुकीसाठीं आले होते. ‘लो’ मंडळी रंगमंचावर आली आणि त्यांनीं १९९६ सालच्या संग्रहांतील एकच गाणें आरंभिलें. मूळ गाणेंच सुमारें पंधरा मिनिटांचें; त्या दिवशीं तें सत्तावीस मिनिटें चाललें. शब्द थोडे, आणि मग एकच अखंड सूर, वाढत वाढत गर्जनेपर्यंत गेलेला. तें संपल्यावर श्री. स्पारहॉक तीन शब्द बोलले आणि सर्वजण निघून गेले. दुसरें गाणें नाहीं.

ते तीन शब्द म्हणजे एक कोटी होती. इंग्रजींत ‘ड्रोन’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात : एक, तंबोऱ्यासारखा अखंड घुमणारा सूर, दुसरा, वैमानिकावांचून उडणारें यांत्रिक विमान. त्या वर्षांत अमेरिकेचीं असलीं विमानें पाकिस्तान व येमेन या देशांत क्षेपणास्त्रें सोडीत असत, व त्यावरून त्या देशांतच मोठा वाद चालू होता. सूर असूं द्या, तीं विमानें नकोत, असा त्या तीन शब्दांचा भावार्थ.

यानंतर चाहत्यांत व प्रेक्षकांत जी जुंपली ती कित्येक दिवस निवळली नाहीं. एक वर्ग म्हणाला, ही आमची चेष्टा झाली. पैसे भरून आलेल्या माणसास आवडतीं चार गाणीं ऐकविणें हें गायकाचें कर्तव्य आहे. दुसरा वर्ग म्हणाला, आयुष्यांत असा अर्धा तास पुन्हां मिळावयाचा नाहीं. आम्हांस पहिल्या वर्गाची तक्रार अगदींच पोकळ वाटत नाहीं. मेळ्याला आलेल्या बाईच्या कडेवर मूल असतें, तिला घरीं परतावयाचें असतें, आणि ‘लो’ कोण हें तिला ठाऊक नसतें; तिनें सत्तावीस मिनिटें एका सुराखालीं उभें राहावें अशी अपेक्षा करणें जरा कठोरच. पण तरीही आमचें मत गायकांच्या बाजूला पडतें. विलंबित ख्यालांत एकच चीज घेऊन गवई अर्धा अर्धा तास बसतो, आणि त्याबद्दल आमच्या आजोबांनीं कधीं पैसे परत मागितल्याचें ऐकिवांत नाहीं. ज्यास चार गाणीं हवीं होतीं त्यास तीं इतर मंडळ्यांनीं दिलींच. या मंडळींस त्या दिवशीं एकच गोष्ट सांगावयाची होती, आणि ती घाईनें सांगतां येण्यासारखी नव्हती. शिवाय ती वायांही गेली नाहीं. तेच तीन शब्द नांव म्हणून घेऊन २०१४ पासून मिनिआपोलिस येथें एक जलसा भरूं लागला. त्यांत अनेक वादक पाळीपाळीनें येऊन अठ्ठावीस तास सूर खंडूं देत नाहींत, आणि जमलेला पैसा युद्धपीडितांची शुश्रूषा करणाऱ्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेस जातो.

तो सत्तावीस मिनिटांचा सूर हलका नव्हता, चांगलाच मोठा होता, हें येथें विसरूं नये. तेव्हां हळूपणा हा या मंडळीचा प्राण नव्हे. एका जागीं थांबणें, एका सुरापाशीं तो आपलें सर्व देईपर्यंत बसून राहणें, हा प्राण आहे. हें ज्यांस उमगलें नाहीं ते जुने चाहते पुढें फार दुखावले. २००५ सालीं ‘द ग्रेट डिस्ट्रॉयर’ हा संग्रह निघाला, त्यांत गिटारी गर्जूं लागल्या; ‘आमची शांत मंडळी गेली’ म्हणून पुष्कळांनीं हळहळ केली. २०१८ सालच्या ‘डबल निगेटिव्ह’मध्यें तर यंत्रांच्या साहाय्यानें आवाज इतके फाडले व विस्कटले आहेत कीं, प्रथम ऐकतांना आपलें यंत्रच बिघडलें असावें अशी शंका येते. आमच्या एका विद्यार्थ्यानें खरोखरच तारा तपासून पाहिल्या. परंतु धीर धरून ऐकावें. त्या खरखरींतून तेच दोन आवाज, तसेच एकमेकांस धरून, येतांना ऐकूं येतात. ज्यांनीं पंचवीस वर्षें गोंगाटापुढें आवाज उतरविला त्यांनीं या वेळीं गोंगाटासच गाण्यांत घेतलें. आम्हांस हा संग्रह सुखाचा वाटला नाहीं, पण खरा वाटला. उलट जुन्या संग्रहांतील कांहीं गाणीं केवळ संवयीनें संथ आहेत, असेंही आम्हांस म्हणावयाचें आहे. चाहत्यांनीं रागावूं नये.

एका पालकांनीं आम्हांस विचारलें कीं, असलीं उदास गाणीं मुलांनीं ऐकावीं काय? प्रश्न योग्य आहे. आमचें उत्तर असें कीं, मुलाच्या खोलींतून संथ गाणें ऐकूं आलें म्हणून घाबरूं नये. दार ठोठावून आंत जावें, आणि शेजारीं बसून तें एक गाणें पुरें ऐकावें. मग जें विचारावयाचें तें विचारावें. मुलांस एकाकी करतें तें उदास गाणें नव्हे. कानांत नळ्या घालून तें एकट्यानेंच ऐकण्याची वेळ त्यांवर येते, ती त्यांस एकाकी करते. मिरवणुकींतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढें उभ्या राहणाऱ्या मुलाबद्दल मात्र आम्हांस कोणी पालक अद्याप कांहीं विचारावयास आलेले नाहींत.

मिमी पार्कर ५ नोव्हेंबर २०२२ रोजीं कर्करोगानें वारल्या. त्यांचें वय ५५ होतें. त्यांच्याबरोबर ‘लो’ मंडळीही संपली, श्री. स्पारहॉक यांनीं पुढें गाणें सोडलें नाहीं, पण तें स्वतःच्या नांवानें. चाहत्यांत आतां नवा वाद आहे तो दुःखाचा : कांहींस त्यांचा आवाज ऐकवत नाहीं, कांहीं दुसरें कांहीं ऐकतच नाहींत. येथें निवाडा करण्याची आमची प्राज्ञा नाहीं.

ज्या विद्यार्थ्यांस ओळख करून घ्यावयाची असेल त्यांनीं १९९९ सालच्या ‘ख्रिसमस’ या आठ गाण्यांच्या लहान संग्रहापासून आरंभ करावा. चाहत्यांत इतर सर्व गोष्टींवर भांडणें झालीं, पण या संग्रहावर बहुतेकांचें एकमत आहे. त्यांत ढोल वाजविणाऱ्या गरीब मुलाचें प्रसिद्ध नाताळगीत आहे; बाळ येशूस देण्यास ज्याजवळ ढोलाखेरीज कांहीं नाहीं, तो मुलगा. आमच्या शाळेंत तें दरवर्षीं म्हणतात, आणि आमचीं मुलें तें गाडी चुकेल कीं काय अशा घाईनें म्हणतात. यंदां तें अर्ध्या गतीनें म्हणवून पाहावें, अशी आम्हीं गाण्याच्या मास्तरांस विनंती केली आहे. मास्तर म्हणतात, मुलांचा श्वास पुरणार नाहीं. तालीम येत्या सोमवारीं आहे.