ग्रामसभेतील आपली रिकामी जागा



४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत परमपूज्य बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर ठरविले, हे आपणांस ठाऊक आहे. तेव्हा वनाचा कारभार गावाच्या हाती यावा, ही मागणी ऐकून आपला माणूस बिचकला तर त्यात नवल ते काय? कोणते गाव? ज्याने आपल्या आजोबांकडून वेठ घेतली, तेच ना!

शंका रास्त आहे. पण तिच्यापायी घरी बसणे हा आत्मघात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याची ग्रामसभा म्हणजे पाटील नव्हे, सरपंच नव्हे. गावातील सर्व प्रौढ स्त्रीपुरुष म्हणजे ग्रामसभा. सामूहिक हक्क मान्य झाला की बांबू, तेंदूपान, मध यांचा कारभार तिच्याकडे येतो. निम्मे सभासद हजर असल्यावाचून, आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया असल्यावाचून, तिची गणपूर्ती होत नाही. आपल्या वस्तीच्या हजेरीला कायद्यानेच किंमत आणली आहे. ती आपणच फुकट घालवावी काय?

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव पाहा. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर त्याचा हक्क मान्य झाला, तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखाते सोडीना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावी येऊन परवानापुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. ही ताकद त्या गावाला एका दिवसात आली नाही. सर्वांची संमती होईपर्यंत निर्णय घ्यावयाचा नाही, ही शिस्त त्याने कायद्याच्या कितीतरी आधीपासून पाळली होती.

"हा कायदा आदिवासींचा, आपला नव्हे," असे आपल्यातील काही शहाणे सांगतात. हे अर्धसत्य आहे. आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही त्यांच्याकडे पाऊणशे वर्षांचा पुरावा मागणे, हा अन्यायच होय. तथापि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही नियमांनी पुरावा मानला आहे. त्यास आणखी एका पुराव्याची जोड मात्र हवी. म्हातारी माणसे हयात आहेत तोवर हे काम उरकून घ्या. वनहक्क समितीत दोनतृतीयांश जागा आदिवासींच्या आहेत, याबद्दल कुरकुर नको. वनखात्याचा जाच त्यांनीही तितकाच सोसला आहे. आणि ग्रामसभेत बसावयास तर पाऊणशे वर्षांची अट मुळीच नाही!

तेंदूच्या लिलावाचा हिशेब आपल्या गावी सभेत मोठ्याने वाचून दाखवितात काय? ठरावाचे पुस्तक कोणाच्या घरी असते? आपल्या विहारात वंदनेला जमणाऱ्या स्त्रियांपैकी गेल्या ग्रामसभेला किती जणी होत्या?