लेखणीचे धैर्य

पुण्यातील ज्या प्रभात स्टुडिओच्या आवारात 1960 साली चित्रपटविद्येची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तेथून पटकथालेखनाचे शिक्षण पुरे करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचे अभिनंदन करताना, त्याच आवारात निर्माण झालेल्या आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवल्या गेलेल्या ‘संत तुकाराम’चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शिवराम वाशीकरांनी लिहिलेल्या त्या चित्रपटात आजारी लेकराला घेऊन देवळात शिरलेली तुकारामांची पत्नी जिजाई हाती वहाण घेऊन प्रत्यक्ष पांडुरंगाला जाब विचारते; भक्तीचे माहात्म्य वर्णिणाऱ्या कथेत संसाराने गांजलेल्या स्त्रीच्या संतापालाही मानाचे स्थान देणे, हे धैर्य प्रथम लेखणीत असावे लागते.

विद्यार्थिमित्रहो, तेच धैर्य तुमची खरी पुंजी आहे. निर्मात्यांच्या कचेऱ्यांत हेलपाटे पडतील, मसुद्यांमागून मसुदे नामंजूर होतील. तथापि नकाराने खचू नका आणि गरजेपोटी आपला हक्कही सोडू नका. संहितेची रीतसर नोंदणी केल्यावाचून ती कोणाच्या स्वाधीन करू नये, मोबदला व श्रेय यांची कलमे नीट वाचल्यावाचून करारनाम्यावर सही करू नये. 2012 साली दुरुस्त झालेल्या स्वामित्वहक्क कायद्याने लेखकास मानधनापलीकडे स्वामित्वधनाचा जो वाटा दिला आहे, तो निःसंकोच मागावा.

बाजारात, कोर्टाच्या आवारात, एस.टी.च्या थांब्यावर माणसे कशी बोलतात आणि कोठे गप्प होतात, हे कान देऊन ऐका. महाराष्ट्राला तुमच्या कथांची गरज आहे; त्या निर्भयपणे लिहा.