चालता येतंय गं, पण...

रात्री तीन वाजता तुम्ही काय करत असता? एकतर ढाराढूर झोपेत असता, नाहीतर अमेरिकेतल्या क्लायंटच्या कॉलवर म्यूट दाबून जांभया देत असता. आमची एक कॉलेजमधली मैत्रीण त्याच वेळी सहारला, मुंबईच्या इंटरनॅशनल टर्मिनलवर, फुल मेकअप करून, केसांचा घट्ट अंबाडा घालून बत्तीशी दाखवत उभी असते. एअरलाइनच्या चेक-इन काउंटरवर. वीस वर्षं होत आली. "नाव छापलंस तर बघ हं, नोकरी आहे बाबा," अशी प्रेमळ धमकी मिळाली असल्यामुळे तिला इथे नुसतं मॅडम म्हणू या. पॅसेंजर तेच म्हणतात. शिव्या घालतानासुद्धा.

परवा सकाळी सातला अंधेरीत एका उडप्याकडे भेटलो. माझा तो ब्रेकफास्ट, तिचं ते डिनर. इडलीचा पहिला तुकडा तोंडात जायच्या आत तिने जाहीर केलं, "आज पुन्हा खोबरं!"

तुम्हाला माहितीय का, सुकं खोबरं विमानात नेता येत नाही? मला नव्हतं माहीत. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे निम्म्या महाराष्ट्राला माहीत नाही. खोबऱ्यात तेल असतं, ते हवेशी संयोग पावून आपोआप तापतं, आणि बंद जागेत पुरेसं तापलं तर पेटूही शकतं. म्हणून जगभरातल्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला चक्क नंबर आहे, यूएन १३६३. पेट्रोल, फटाके, अॅसिड आणि... आपल्या वाटणातलं खोबरं! आता हे सगळं रात्री दोन वाजता दुबईच्या फ्लाइटला निघालेल्या एखाद्या काकूंना समजावून सांगा. स्क्रीनिंगमध्ये बॅग अडकलेली, काकूंना बोलावून ती उघडायला लावलेली, साड्यांच्या घड्यांमधून दहा-बारा वाट्या बाहेर काढलेल्या.

"अहो, चाळीस वर्षं माझ्या डब्यात खोबरं आहे. एकदाही पेटलं नाही!"

यावर काय बोलणार? लॉजिक सॉलिड आहे. मॅडमने म्हणे पूर्ण ट्रेनिंग पणाला लावून सांगितलं, की काकू, तुमचा डबा तीस हजार फुटांवर जात नाही. काकूंनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "मग हातातल्या पर्समध्ये ठेवू का? लक्ष ठेवीन मी."

असे किस्से तिच्याकडे पोत्याने आहेत. वजन जास्त भरलं म्हणून भर मे महिन्यात एकावर एक तीन स्वेटर चढवणारा मुलगा. काउंटर बंद झाल्यावर धावत येऊन "विमान तर दिसतंय की समोर उभं!" असं काचेकडे बोट दाखवून सांगणारे साहेब. (काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, कारण किती माणसं, किती बॅगा, कुठे किती वजन याचा हिशेब लावल्याशिवाय विमान हलवता येत नाही. साहेबांना वाटतं, मॅडमचा इगो आहे.) तिची एक मैत्रीण केबिन क्रूमध्ये होती. नागपूरच्या फ्लाइटमधून उतरताना एका आजोबांनी दारात तिच्या हातात पन्नासची नोट कोंबली. टिप घ्यायची सक्त मनाई. ती "नको, नको" करत राहिली तर आजोबा म्हणाले, "टिप कसली, खाऊला दिलेत." मागे शंभर माणसं खोळंबलेली. तिने घेतली, आणि वाकून नमस्कार केला. सीनिअर बाई दुसरीकडे बघत राहिली.

पण मला खरं सांगायचंय ते व्हीलचेअरबद्दल.

एअरलाइनवाल्यांचं सगळं जग कोडमध्ये चालतं. एकटं जाणारं लहान मूल म्हणजे यूएम. कुत्रा-मांजर म्हणजे एव्हीआय. शवपेटीतून कोणी जात असेल तर कार्गोच्या कागदावर एचयूएम. तीन अक्षरं जोडून वाचली की होतं 'हम'. मॅडम म्हणते, पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा ती पाच मिनिटं वॉशरूममध्ये जाऊन उभी होती. व्हीलचेअरचे तर तीन प्रकार. जिना चढू शकणारे पण लांबवर चालू न शकणारे, ते डब्ल्यूसीएचआर. जिनाही न चढू शकणारे डब्ल्यूसीएचएस. सीटपर्यंतही नेऊन बसवावं लागतं, ते डब्ल्यूसीएचसी.

आणि चौथा प्रकार, जो कुठल्याच कागदावर नाही. युरोप-अमेरिकेच्या फ्लाइट्सना व्हीलचेअर मागणाऱ्या आज्यांची रांगच रांग असते. टॅक्सीतून टुणकन उतरतात, ट्रॉली स्वतः ढकलतात आणि काउंटरपाशी आल्या की कण्हायला लागतात! तिकडे पोचल्यावर तर चमत्कारच. खुर्ची सोडून सगळ्यांच्या आधी पट्ट्यावरून बॅग उचलायला हजर. स्टाफमध्ये यावर भरपूर जोक्स चालतात. आमच्या मॅडमही त्यात मागे नव्हत्या.

काही वर्षांपूर्वीची डिसेंबरची रात्र. फ्लाइट फुल, खुर्च्या ढकलणारी मुलं कमी, आणि समोर एक आजोबा. खरेखुरे डब्ल्यूसीएचसी, अर्धांगवायूचे. त्यांच्या बायकोने दोनदा येऊन विचारलं, "बाळ, खुर्ची कधी येईल?" आणि नेमकी त्याच वेळी एक नऊवारीतली आजी तरातरा चालत काउंटरवर आली. सांगली जिल्ह्यातल्या एका गावाहून निघालेली. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला, फ्रँकफर्टला विमान बदलून. तिकिटावर व्हीलचेअर. तीसुद्धा जावयाने इंटरनेटवरून बुक केलेली.

मॅडमचा पारा चढला. "आजी, तुम्हाला तर छान चालता येतंय की! मग खुर्ची कशाला?"

आजी अजिबात चिडली नाही. हळूच म्हणाली, "चालता येतंय गं बाई. वाचता येत नाही."

म्हणजे पोथी वाचता यायची. पाट्या इंग्रजी. त्यातून फ्रँकफर्ट म्हणजे अख्खा तालुका मावेल एवढा विमानतळ. जन्मात पहिलं विमान, तेही एकटीने, आणि तिकडे लेकीला नववा महिना. खुर्चीत बसलं की कोणीतरी ढकलत योग्य दारापाशी नेऊन सोडतं, एवढंच तिला फोनवर सांगितलं होतं. खुर्ची गेली तर आजी फ्रँकफर्टला उभी राहणार, कुठल्या दिशेला पाऊल टाकायचं ते न कळता.

"मला एवढी लाज वाटली ना," मॅडम म्हणाली. इडली तशीच. "गुडघ्याला कोड आहे रे आमच्याकडे. भीतीला नाही."

खुर्ची एकच होती. ती आजोबांना गेली, जायलाच हवी होती. मग मॅडमने एका कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं, की या बाईंना फक्त मराठी येतं, त्यांना नेवार्कच्या विमानापर्यंत सोडा. आजीने तो कागद घडी घालून बटव्यात ठेवला, मंगळसूत्रासारखा जपून. पण कागद पाट्या वाचत नाही. म्हणून मॅडमने रांगेवर नजर फिरवली. कानाला हेडफोन, पाठीवर लॅपटॉप, चेहऱ्यावर 'मला कोणी बोलू नका' असा भाव. पुण्याचा आयटीवाला, तेच कनेक्शन. (तुमच्यापैकीच कोणीतरी!) त्याला गाठलं. "हे बघ, ही आजी आजपासून तुझी. नेवार्कला उतरेपर्यंत." त्याचं तोंड कडू झालं, पण काउंटरवाल्या बाईला नाही म्हणायची छाती कोणाची? सीटचा प्रश्न होता ना!

दोघं गेले. या नोकरीत पुढचं काही कळत नाही. शंभर लोकांना रोज निरोप द्यायचा, कोण पोचलं, कोण नाही, कोणाच्या लेकीला काय झालं, पत्ता नाही. मॅडमला महिनाभर त्या आजीची आठवण यायची.

पुढच्या वर्षी तो मुलगा पुन्हा तिच्याच काउंटरवर आला. तिने ओळखलं नाही, त्यानेच हेडफोन काढून ओळख दिली. फ्रँकफर्टला चार तास थांबायचं होतं. तो आजीला गेटपाशी बसवून शेजारीच घोरायला लागला. मध्येच गेट बदललं. अनाउन्समेंट झाली असेल, याच्या कानात गाणी. आजीला अनाउन्समेंट कळत नव्हती, बोर्ड वाचता येत नव्हता. पण मुंबईपासून तिने नजरेत धरून ठेवलेली माणसं होती, लाल टोपीचं बाळ, पिवळ्या स्वेटरची बाई, काठीवाले सरदारजी. ती एकेक करून उठून निघाली. आजीने याला गदागदा हलवलं.

"ऊठ रे बाळा. आपली माणसं चालली!"

लेकीला मुलगा झाला. जावयाकडून नंबर घेऊन याने फोन केला होता.

आता माझं सांगतो. पुढच्या महिन्यात आमची आई पहिल्यांदाच ताईकडे जायचीय, तेही विमान बदलून. फॉर्मवर व्हीलचेअरच्या चौकटीत मी टिक करून ठेवली होती. आईचे गुडघे ठणठणीत आहेत, तीन जिने चढते. मॅडमला भीत भीत विचारलं. तिने माझ्याच फोनवरून ती टिक काढायला लावली आणि म्हणाली, एअरलाइनला फोन कर, भाषेची अडचण आहे, सोबत हवी असं सांग. बऱ्याच जणांकडे अशी सोय असते, लोक मागतच नाहीत. शिवाय कागद लिहून दे, आणि स्वतः रांगेत उभा राहून एक हेडफोनवाला शोध.

घरी येऊन फोन केला. मग सहज म्हणून आईची बॅग उघडली. सगळ्यात खाली, टॉवेलात गुंडाळलेल्या, खोबऱ्याच्या सहा वाट्या.