पहिल्या तीन महिन्यांचा खाडा

ऊसतोडणीच्या हंगामात दिवस गेलेल्या स्त्रीला विश्रांतीचा सल्ला देणे सोपे आहे. त्या विश्रांतीची किंमत कोणी भरावयाची, हे मात्र सल्ला देणारा सहसा विचारीत नाही. त्यातून तिचा आधीचा गर्भ पडलेला वा पाडलेला असेल तर सल्ल्यांची संख्या वाढते, आणि पैशाचे नाव अधिकच टाळले जाते.

तोडणीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या या कोयत्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते व ती टनांच्या हिशेबाने फेडावयाची असते. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कर्जात चढतात. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई दोन महिन्यांची गरोदर आहे की नाही, याला या हिशेबात रकानाच नाही. २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याचा गवगवा झाला, सरकारने समिती नेमली, आणि तेरा हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे पाहणीत आढळले. पिशवीच नको, म्हणजे पाळीही नको आणि खाडाही नको, असा तो हिशेब होता. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी उचलीची वही एकदा उघडून पाहावी.

या प्रश्नावर वैद्यकशास्त्र जे सांगते ते पुष्कळसे दिलासा देणारे आहे. निर्धोकपणे झालेल्या गर्भपातामुळे पुढे मूल होण्यास सहसा बाध येत नाही. आपोआप होणाऱ्या सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांचे मूळ गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषात असते. 'पपई खाल्लीस म्हणून गेले' हा घरातला शेरा बाईच्या दुःखावर विनाकारण डागणी देतो. इतकेच काय, नुसते खाटेवर पडून राहिल्याने गर्भ टिकतो, यालाही पुरावा नाही. धोका असतो तो मागे उरलेल्या गोष्टींचा : अर्धवट राहिलेला गर्भपात, त्यातून झालेला जंतुसंसर्ग, रक्त जाऊन आलेली अशक्तता. गर्भपातानंतर दोन-तीन आठवड्यांतच, पुढची पाळी येण्यापूर्वीसुद्धा, पुन्हा दिवस राहू शकतात, हे पुष्कळ स्त्रियांना कोणी सांगितलेलेच नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये निदान सहा महिने थांबण्याची शिफारस केली होती. पुढील काही अभ्यासांनी इतक्या अवधीच्या आवश्यकतेविषयी शंका घेतली आहे. परंतु आधीच रक्त कमी असलेल्या शरीराचा विचार वेगळाच करावा लागतो. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आहेत.

म्हणून पाळी चुकताच करावयाच्या गोष्टी थोड्या पण तातडीच्या आहेत. गर्भाच्या मेंदूची व कण्याची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तेव्हा फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी शक्यतो दिवस राहण्यापूर्वीपासून, आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत घ्यावयास हवी. रक्तातील लोह तपासावे. रक्तगट आर-एच निगेटिव्ह असेल तर मागील गर्भपाताच्या वेळी अँटी-डीचे इंजेक्शन मिळाले होते काय, हे डॉक्टरला सांगावे. अंगावरून रक्त जाणे, ओटीपोटात एका बाजूस कळ येणे, घेरी येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे, कारण गर्भ नलिकेत रुजला असल्यास उशीर जिवावर बेततो. फडातल्या बाईला नेमके हेच जमत नाही. गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती आणण्याचा दिवस फुकट मिळत नाही.

शासनाची नजरही या तीन महिन्यांवरून घसरून पुढे जाते. जननी सुरक्षा योजना २००५ पासून दवाखान्यातील बाळंतपणास पैसे देते. दर महिन्याच्या ९ तारखेची मोफत तपासणी चौथ्या महिन्यापासूनच्या स्त्रियांसाठी आखलेली आहे. आदिवासी भागातील अमृत आहार योजनेचे ताट शेवटच्या तिमाहीत वाढले जाते. समाजाची रीतही तीच. चोरचोळीची प्रथा नावातच सांगते की पहिले महिने लपवावयाचे. आधीचा गर्भ गेलेला असला तर लपवणूक दुप्पट होते. आणि तो १९७१ च्या कायद्याने दिलेल्या हक्कानुसार पाडलेला असला, तरी ते सांगितल्यास पोलीस येतील या भीतीने ती परिचारिकेलाही खरे सांगत नाही. मराठीत दोन्हींना गर्भपात हा एकच शब्द असल्याने नोंदवहीतही घोटाळा होतो.

कायद्याला ही गरज ठाऊक नाही असे नाही. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने दिली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम ठेवली गेली. परंतु ऊसतोड स्त्रीचा व्यवहार मुकादमाशी. कारखान्याच्या हजेरीपटावर तिचे नावच नाही. मग रजा कोणी द्यावी?

तोडणीदराच्या करारासाठी साखर संघ व कामगार संघटना समोरासमोर बसतात तेव्हा टनाचा दर आणि मुकादमाचे कमिशन यांवर रात्री जागविल्या जातात. त्याच मागणीपत्रात हे कलम आले पाहिजे : गर्भपातानंतर सहा आठवडे आणि पाळी चुकल्यापासून तीन महिने मोळी वाहण्याची सक्ती नाही, दवाखान्याच्या दिवसाचा खाडा नाही, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई. मात्र हा बोजा मुकादमावर टाकला तर तो उद्या तरुण बायकोचा कोयता घ्यावयासच नकार देईल; बाजाराची चाल ओळखणाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. तो सर्व कारखान्यांच्या गाळपावर टनामागे सारखा बसला पाहिजे. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी टनामागे रक्कम घेण्याचे तत्त्व मान्य झालेलेच आहे. तेव्हा दर टनामागे किती पैसे पडतील याचा आकडा संघटनांनी आपल्या गावांतील कोयते मोजून हंगामापूर्वी काढावा आणि करारास बसताना तो हाती असू द्यावा. मोजणीला मात्र बायका कार्यकर्त्यांनीच जावे. पुरुषांपुढे कोणी मागच्या पोटाविषयी बोलणार नाही.