घर दोघांच्या नावावर, पण बायकोचं नाव नेमकं कोणतं? दस्त नोंदणीत अडणाऱ्या ओळखपत्रांचा गुंता

वर्धा शहराला लागून वाढलेल्या नालवाडीसारख्या भागात घर घ्यायचं म्हटलं की ते नवरा-बायको दोघांच्या नावे घ्यावं, असा विचार होतो. बँकेला सहकर्जदार हवा असतो आणि घरावर बाईचंही नाव असावं, हे आता घरोघरी पटू लागलं आहे. सौदा ठरतो, इसार दिला जातो, मुद्रांक शुल्क भरलं जातं. मग दुय्यम निबंधकाच्या टेबलावर गाडी अडते. आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं आणि शाळेच्या टीसीवर भलतंच स्पेलिंग!

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘राहू द्या, सध्या एकट्याच्या नावावर करून टाका.’ खरं नुकसान इथेच होतं. ‘सध्या’ वगळलेलं बायकोचं नाव नंतर घालायचं तर पुन्हा दस्त आणि पुन्हा खर्च.

कायद्याला कार्ड हवं की माणूस?

नोंदणी अधिनियम १९०८ सालचा आहे. तेव्हा आधारही नव्हतं आणि पॅनही. कलम ३४ नुसार दुय्यम निबंधकाने खात्री करायची ती समोर आलेली व्यक्ती तीच आहे का, याची. म्हणून तर दस्ताला ओळख पटवणारे लोक लागतात. २००१च्या दुरुस्तीने कलम ३२-अ आलं आणि फोटो व बोटांचे ठसेही लागू झाले. दोन कार्डांवरचं नाव थोडं वेगळं आहे, एवढ्यावरून नोंदणी आपोआप नाकारता येते, असं कायदा कुठेही म्हणत नाही.

मग अडतं कुठे? संगणकात. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ एकच, हे माणसाला कळतं. संगणकासाठी त्या दोन वेगळ्या बाया आहेत. इंग्रजीत एका कार्डावर ‘आय’ आणि दुसऱ्यावर ‘डबल ई’ असलं तरी तेच होतं. नोंदणीच्या वेळी भरलेलं नाव जसंच्या तसं सूची क्रमांक दोनमध्ये जातं आणि पुढे फेरफारातही. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर एक टक्का टीडीएस खरेदीदारांच्या पॅनवरून भरावा लागतो. तिथे पॅनवरचं नावच चालतं.

यावरचा सोपा उपाय मसुद्यातच आहे. लिहून घेणार म्हणून नाव टाकताना ‘उर्फ’ लिहून दोन्ही नावं द्या आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. लग्नाची नोंद राहून गेली असेल तर ती आजही करता येते, गावात ग्रामपंचायतीतच. मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सरकारी कागदांवर आईचं नाव लावण्याचा निर्णय घेतला, त्याची चर्चा खूप झाली. त्याच निर्णयात महिलांना मालमत्तेच्या दस्तात लग्नाआधीचं नाव लावण्याची मुभाही होती, ती मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

घाईत आधार केंद्र गाठू नका. आधारवरचं नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं. पुढे कोणतं नाव कायम ठेवायचं, हे आधी घरी ठरवा.

नवरा पुण्यात, बायको वर्ध्यात

दोघांनी एकाच दिवशी हजर राहिलंच पाहिजे, असं नाही. कलम ३४ नुसार वेगवेगळ्या वेळी येता येतं. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी व्हायला हवी. त्यानंतर दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. मुखत्यारपत्र वापरायचं असेल तर जपून. मुखत्याराला दस्त सादर करायचा असेल, तर देशात राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र त्याच्या राहत्या भागातील निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोर झालेलं लागतं, नुसती नोटरी पुरत नाही. परदेशात असलेल्याला तिथली नोटरी किंवा भारतीय वाणिज्य दूत चालतो.

‘नाव जुळत नाही, करून आणा’ असं तोंडी सांगून परत पाठवलं, तर नकार लेखी मागा. कलम ७१ नुसार नकाराची कारणं नोंदवावी लागतात आणि त्यांची प्रत फुकट मिळते. त्यावर ३० दिवसांत निबंधकाकडे अपील करता येतं. तोंडी नकाराची मात्र कुठेही नोंद होत नाही, म्हणूनच तो इतका सोयीचा असतो. नोंदणी विभागाने ही सवय मोडायला हवी.

पैशाचंही बघा. राज्यात फक्त महिलेच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. बाईचं नाव घरावर यावं हाच हेतू असेल, तर संयुक्त खरेदीला अर्धी सवलत द्यायला काय हरकत आहे?

दस्तात दोघांचे हिस्सेही लिहा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ नुसार वेगळा करार नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा धरला जातो. कमाई नसलेल्या बायकोसाठी ‘प्रत्येकी निम्मा’ हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत.

सही करण्याआधी भरलेल्या माहितीची प्रिंट घेऊन प्रत्येक अक्षर तपासा. चूक नंतर लक्षात आली तर दुरुस्ती दस्ताला विकणाऱ्यासह सगळ्यांना पुन्हा यावं लागतं आणि पैसे मिळालेला विकणारा तोवर फोन उचलेलच, असं नाही.