लेखकाला विचारलेला प्रश्न

बग रिपोर्टमध्ये 'मी' आणू नये हे ठीक. पण लोकांच्या देवाधर्मावर रिपोर्ताज लिहिणाऱ्यानेही तसंच तटस्थ राहावं, असं जे आपण धरून चालतो, ते मला पटत नाही.

विल्यम डॅलरिंपलचं 'नाइन लाइव्ह्ज' (२००९) तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. नऊ माणसं, नऊ प्रकरणं. कण्णूरचा एक तेय्यम नर्तक त्यात आहे. एरवी तो विहिरी खणतो, शनिवार-रविवारी तुरुंगात वॉर्डरची ड्यूटी करतो, आणि मोसम आला की देव होतो! मग ब्राह्मणही त्याच्या पाया पडतात. स्वामीमलैचा एक मूर्तिकार आहे. पिढ्यान्‌पिढ्या ब्राँझचे देव घडवणारं घराणं, आणि पोराला बंगलोरला जाऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. (इथे पुस्तक बाजूला ठेवून हसलो. आणखी एक आला लाइनीत.)

पुस्तक सुंदरच आहे. पण आपण स्वतःला मुद्दाम सावलीत ठेवलंय, असं लेखक प्रस्तावनेतच सांगतो. माझं घोडं तिथेच अडतं. हा सगळ्यांना प्रश्न विचारत फिरला, ठीक. पण याच्या स्वतःच्या आत काही हललं की नाही?

नायपॉल दुसऱ्या टोकाचे. 'बियॉन्ड बिलीफ' (१९९८) मध्ये, धर्मांतरित समाजाला स्वतःचा आधीचा इतिहास नाकारावा लागतो, हा निकाल ते सुरुवातीलाच देऊन टाकतात. पुढे भेटणारी माणसं मग साक्षीला बोलावल्यासारखी वाटतात. असो.

मला विचाराल तर या दोघांच्याही आधी, आपल्या मराठीत, इरावती कर्व्यांनी हे काम करून ठेवलंय. 'परिपूर्ती' (१९४९) मधला 'वाटचाल' हा लेख. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावतीबाई दिंडीबरोबर पंढरीला चालत निघतात. दिवसभर ब्राह्मण आणि मराठा वारकरी तेच अभंग म्हणत चालतात आणि जेवायची वेळ झाली की वेगवेगळे बसतात. बाईंना हे खुपतं. एखाद्या संशोधकाने वहीत टिपलं असतं आणि पुढे गेला असता. या उठून दुसऱ्या गटात जाऊन जेवतात. त्यानंतर त्या बायका मोकळ्या होतात. हात धरून चालतात, घरचं सुखदुःख सांगतात, 'ताई' म्हणायला लागतात, पुण्याला तुमच्याकडे येऊ म्हणतात.

आणि त्यातली एक तरुण मुलगी विचारते, आत्ता आमच्याशी वागताय तशाच तेव्हाही वागाल ना?

बाईंना हा प्रश्न जिव्हारी लागतो, आणि तो त्या लेखातून गाळत नाहीत. इतका वेळ त्या वारकऱ्यांना बघत होत्या, आता कोणीतरी त्यांच्याकडे बघतंय. समतेवर त्यांचा विश्वास होताच, पण तो वाटेवरचा की पुण्यातल्या घरातलाही, हे त्या पोरीने एका वाक्यात विचारून टाकलं. तटस्थ राहून, वेगळ्या पंगतींची फक्त नोंद करून, हे वाक्य मिळालं असतं का? नाही मिळत. जेवायला बसावं लागतं.

आपल्याबद्दल असं कोणी लिहिलेलं मला तरी वाचायला मिळालेलं नाही. म्हणजे दसऱ्याला ऑफिसात मॉनिटरला झेंडूची माळ घालणारे, चतुर्थीचा उपास आणि रिलीज एकाच दिवशी निभावणारे, 'मी रिलिजस नाही, स्पिरिच्युअल आहे' म्हणणारे आपण. आयटीवाल्यांची दिंडी आळंदी ते पुणे चालते. माझा एक मित्र दरवर्षी जातो आणि संध्याकाळी शंभरेक फोटो पाठवतो. टोपी, टिळा, टाळ, फुगडी, कुठल्याशा आजीबाईंबरोबर सेल्फी. चालताना त्याला खरंच काहीतरी होत असावं, त्याचा चेहरा सांगतो. टिंगल करायची नाहीये मला.

यंदा फोटो आले की त्याला एवढंच विचारणार आहे, की त्या आजींना घरचा पत्ता दिलास का?