विकलेल्या डोंगराचा पैसा

उर्दू शाळेत भूगोल शिकवताना 'कान' हा शब्द आला की मुले हसतात. उर्दूत कान म्हणजे ऐकायचा कान आणि कान म्हणजे जमिनीतली खाणसुद्धा. हसून झाले की आम्ही नकाशा उघडतो. चंद्रपूर-यवतमाळला कोळसा, नागपूर-भंडाऱ्याला मँगनीज, कोल्हापूर-रत्नागिरीला बॉक्साइट, शेजारच्या गोव्यात लोहखनिज. मुले पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात, गुण मिळवतात. कुठे काय सापडते एवढेच आम्ही शिक्षक विचारतो. ते कोणाचे, आणि काढून विकल्यावर त्याचा पैसा जातो कुठे, हे कोणत्याच स्वाध्यायात विचारलेले नसते. या महिन्यात तोच प्रश्न घेऊ.

आधी घरचा हिशोब पाहू. पगार, दुकानाचा गल्ला, शेतातले पीक ही मिळकत. ती खर्च झाली तरी पुढच्या महिन्यात, पुढच्या हंगामात पुन्हा येते. आजोबांची दोन एकर जमीन विकून आलेला पैसा मात्र मिळकत नव्हे, तो मालमत्तेचाच दुसरा आकार. आपल्या घरांतली वडीलधारी माणसे याबाबतीत फार कडक असतात. जमीन विकावीच लागली तर दुसरीकडे जमीन घ्या, घर घ्या, निदान पोरांच्या नावावर ठेवा. त्यावर लग्नाच्या दावती उठवू नका. विरासतीत ज्यांचा हिस्सा आहे त्यांना विचारल्याशिवाय तर मुळीच नको. हे सांगायला कोणाला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

सरकारी हिशोबात मात्र खनिजाची रॉयल्टी महसुली जमा म्हणून लिहिली जाते, म्हणजे पगारासारखी. तिच्यातून पगार भागतात, रस्ते होतात, कार्यक्रम होतात. डोंगर तेवढा कमी झाला ही नोंद त्या कागदावर कुठेच येत नाही.

गोव्यात हे अगदी स्पष्ट दिसले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतल्या खाणी पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या परवान्यांवर चालत आल्या होत्या. 1987 च्या कायद्याने त्या परवान्यांचे भाडेपट्टे झाले. खनिज ट्रकने नदीकाठी, मांडवी-जुवारीतून बार्जने मुरगाव बंदरात आणि तिथून जहाजाने परदेशी. आधी मोठे गिऱ्हाईक जपान होते. पुढे चीनमध्ये पोलाद कारखान्यांची भूक वाढली आणि गोव्यातला जो कमअस्सल माल पूर्वी कोणी विचारत नव्हते, त्यालाही भाव आला. 2010-11 मध्ये या एवढ्याशा राज्यातून साडेचार कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. एक टन खनिजासाठी अडीच-तीन टन माती-दगड उपसावा लागतो, तो ढिगांनी तिथेच राहतो. पावसाळ्यात ढीग वाहतात, गाळ भातशेतीत बसतो. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की तिच्यातले पाणी रात्रंदिवस पंपाने उपसतात आणि आसपासच्या विहिरी आटतात. त्या घरांतल्या बायकांना टँकरची वाट पाहत बसावे लागते. त्यांच्या त्या वेळेची किंमत खनिजाच्या भावात कधी धरली गेली नाही.

आता राज्याच्या तिजोरीत काय आले ते पाहा. ऑगस्ट 2009 पर्यंत लोहखनिजाची रॉयल्टी प्रतीनुसार टनामागे 8 ते 27 रुपये अशी बांधलेली होती. त्याआधी 2008 मध्ये चीनच्या बंदरात चांगल्या प्रतीच्या खनिजाचा भाव टनाला 100 डॉलरच्या पुढे गेला होता. गोव्याचा माल हलका, त्याला कमी मिळत असेल, वाहतुकीचा खर्चही वजा करा. तरीही 27 रुपये कुठे आणि डॉलर कुठे! पुढे रॉयल्टी किमतीच्या 10 टक्के झाली, 2014 मध्ये 15 टक्के. तोवर बरेच डोंगर बोटीत चढून गेले होते.

न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर 2012 मध्ये संसदेत मांडला गेला. बेकायदा खाणकामाने झालेले नुकसान त्यात सुमारे 35 हजार कोटी रुपये धरले होते. खाणी थांबल्या. गोवा फाउंडेशन ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 21 एप्रिल 2014 रोजी निकाल लागला. भाडेपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर 2007 मध्येच संपली होती, म्हणजे त्यानंतरचे खाणकाम पट्ट्याविना झाले, असे न्यायालयाने ठरवले. पुढे वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली. आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, विक्रीच्या रकमेतील 10 टक्के वेगळे काढून कायम निधी उभारावा, तो शाश्वत विकासासाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठी राहावा, असा आदेश दिला. यतीमाच्या मालाचा वाली जसा हिशोब वेगळा ठेवतो, तशी ही गोष्ट आहे. जे अजून जन्मालाही आलेले नाहीत त्यांचा हिस्सा देशाच्या न्यायालयाने मान्य केला.

10 टक्के थोडे आहेत, असे आमचे मत आहे. डोंगर तर पूर्ण जातो. पण शून्यापेक्षा ती सुरुवात बरी.

राज्य सरकारने मग त्याच जुन्या मंडळींचे 88 पट्टे लिलाव न करता पुन्हा वाढवून दिले. 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने तेही रद्द केले आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. यात सर्वांत जास्त पोळला तो कर्ज काढून ट्रक घेतलेला माणूस. खाणी चालणारच या भरवशावर त्याने बँकेचे हप्ते बांधून घेतले होते. खाणबंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्याच्या घरात एकदा डोकावायला हवे. मात्र हेही खरे की तेजीच्या वर्षांत थोडासा पैसा जरी बाजूला पडला असता, तर मंदीत या ट्रकवाल्यांसाठी काही करता आले असते.

बाहेरच्या दोन देशांची गोष्ट थोडक्यात सांगतो. प्रशांत महासागरात नाउरू नावाचे 21 चौरस किलोमीटरचे बेट आहे. 1968 मध्ये ते स्वतंत्र झाले, फॉस्फेट विकून काही वर्षे जगातल्या श्रीमंतांत गणले गेले. निधी त्यांनीही काढला होता. पण तो विमानसेवेत, परदेशी इमारतींत, एवढेच काय, लंडनच्या रंगभूमीवरच्या एका संगीत नाटकातही घातला. नाटक थोड्याच आठवड्यांत पडले. पैसा गेला आणि बेटाच्या मधोमध आता उघडे खडकांचे सुळके उभे आहेत. नॉर्वेला 1969 मध्ये समुद्रात तेल सापडले. त्यांनी 1990 मध्ये निधीचा कायदा केला, 1996 पासून त्यात पैसे टाकले आणि वर्षाला साधारण 3 टक्केच खर्चायचे असा दंडक घालून घेतला. निधी दोघांकडे होता. फरक पडला तो किल्ली कोणाकडे आणि खर्चाला कुलूप आहे की नाही, यात.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, असा साठवणीचा निधी नाही. पण 2015 च्या कायदा-दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. खाणवाल्यांनी रॉयल्टीखेरीज, जुन्या पट्ट्यांवर तिच्या 30 टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांवर 10 टक्के इतकी रक्कम त्यात भरायची असते. हा पैसा खाणीची झळ लागलेल्या गावांचा आहे. पिण्याचे पाणी, दवाखाना, शाळा, बाया-मुलांचे आरोग्य यांना त्यात अग्रक्रम आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, भंडारा, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या आमच्या वाचकांपैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे? किती पैसा जमला, कोणत्या गावात कोणते काम मंजूर झाले, याची माहिती प्रतिष्ठानने संकेतस्थळावर ठेवावी, असे नियमात आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मोबाइलवर ती शोधायला सांगा. न सापडल्यास जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीचा अर्ज 10 रुपयांत होतो. आपल्या गावाचे नाव यादीत आहे का, असल्यास कोणत्या कामापुढे, आणि ते काम जमिनीवर दिसते का, हे तीन प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारता येतील. विहीर आटली असेल तर ती कोणत्या वर्षी आटली हेही लिहून न्या. ते वर्ष घरातल्या बायकांना नेमके आठवते.